कडेवरचं मूल कुठे ठेवायचं?

आपल्याकडे मूल रांगायला लागलं की घरातल्या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य येतं, "हात लावू नकोस." मुलगा असेल तर हे वाक्य वयाबरोबर विरत जातं. सात-आठ वर्षांचा झाला की तो सायकलची चेन उतरवून बघतो, मोटारपंपाच्या पेटीशी खुडबुड करतो, आणि घरचे कौतुकाने सांगतात, "लय चळवळ्या आहे." मुलीच्या बाबतीत हेच वाक्य वाढत जातं. आधी मोडेल म्हणून, मग लागेल म्हणून, आणि बारा-तेराव्या वर्षापासून विटाळ होईल म्हणून. लोणच्याच्या बरणीपासून देवघरापर्यंत. आणि दलित घरांतल्या मैत्रिणींना तर या वाक्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्या आजी-पणजीने पाणवठ्यावर तेच ऐकलं.

म्हणून मैत्रिणींनो, जिथे मुलांना मुद्दाम बोलावून "हात लावा, फिरवा, ओढा, दाबून बघा" असं सांगतात, अशा जागेकडे मी नुसतं सहलीचं ठिकाण म्हणून बघू शकत नाही. मुलांसाठीचं जगातलं पहिलं संग्रहालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८९९ साली निघालं. १९०४ पासून पुढे तीन दशकं त्याचा कारभार ॲना बिलिंग्ज गॅलप या बाईंनी पाहिला. फ्रँक ओपेनहायमर या पदार्थवैज्ञानिकाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोला उभारलेलं 'एक्सप्लोरेटोरियम' पुढे जगभर नमुना ठरलं. आपल्याकडे १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राची मुलांसाठीची विज्ञान बाग सुरू झाली, मुख्य इमारत १९८५ साली खुली झाली. नागपूरला रमण विज्ञान केंद्र १९९२ साली झालं. पुण्यात आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे अरविंद गुप्तांनी २००३ पासून दहाएक वर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि घरातला कचरा यांतून खेळणी करायला मुलांना शिकवलं. पिंपरी-चिंचवडचं सायन्स पार्क २०१३ सालचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ साली मुलांचं वेगळं संग्रहालय उघडलं.

ही नावं नकाशावर मांडून बघा. मुंबई, पुणे, नागपूर. आमची आष्टी बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. आम्हाला बीडपेक्षा नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, जवळ. २०२२च्या सप्टेंबरात आष्टी-नगर रेल्वे सुरू झाली, २०२५च्या सप्टेंबरात ती बीडपर्यंत पोचली. रस्ता झाला, रूळ झाले. पण आमच्या तालुक्यातलं सहा वर्षांचं मूल जिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येईल, अशी जागा नाही. शाळेची सहल निघते ती बहुतेक किल्ल्याला नाहीतर देवस्थानाला. ती जाते त्यात वाईट काही नाही. पण सहलीची फी भरायची वेळ आली की घरात आधी कोणाचं नाव निघतं? २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली मोजल्या गेल्या. जिथे मुलीच्या जन्मालाच हिशेब लावला गेला, तिथे सहलीच्या पैशांत हिशेब होणार नाही असं मानणं भाबडेपणाचं आहे.

आमच्या मंडळाने म्हणूनच शाळेची वाट न बघता स्वतःच मुंबईला जायचं ठरवलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. या सवलतीवर टिंगल करणारे पुष्कळ भेटतात. बायका उगाच हिंडायला लागल्या, म्हणतात. हिंडू द्या की. सात बाया आणि बारा मुलं असे आम्ही मे महिन्यात, तोडीवरची माणसं परतल्यावर, रात्रीच्या गाडीने निघालो. मुलं चार ते तेरा वर्षांची. सहा मुली, सहा मुलगे, हे मुद्दाम जमवलेलं. मुलगे एका दिवसात जमले. मुलींसाठी घरोघर जावं लागलं.

त्या सहांतल्या एका दहा वर्षांच्या मुलीला आईने परवानगी दिली ती एका अटीवर, "धाकट्याला संगं ने." आई कांद्याच्या कामावर जाणार होती. धाकटा अडीच वर्षांचा. म्हणजे बारा मुलं म्हटली तरी खरी तेरा झाली, आणि त्या पोरीच्या वाट्याला सहल आली ती कडेवर ओझं घेऊन.

वरळीच्या त्या बागेत जुनं वाफेचं इंजिन आहे, ट्राम आहे, 'मरुत' हे लढाऊ विमान आहे. मुलगे विमानाकडे धावले. तरफा, कप्प्या, आरसे यांच्याभोवती आमचीच मुलं, आमच्याच गावची, तरी पहिल्या अर्ध्या तासात काय झालं ते मी वहीत मांडून ठेवलं आहे. एका कप्पीच्या दोरावर मुलग्यांचे हात नऊ वेळा पडले, मुलींचे दोन वेळा. कुणी मुलींना ढकललं नाही, कुणी अडवलं नाही. मुली रांगेत होत्या आणि पुढचा मुलगा "अजून एकदा" म्हणाला की थांबत होत्या. त्यांना थांबायची सवय आहे. घरात जेवायलाही त्या मागेच थांबतात. शेवटी आम्ही बायांनी मध्ये पडून पाळी लावली, एक मुलगी, एक मुलगा. मुलग्यांनी कुरकुर केली आणि दहा मिनिटांत विसरले. हे सांगायचं अशासाठी, की "इथे सगळ्या मुलांना मोकळं सोडलेलं आहे" असं म्हणून भागत नाही. मोकळं सोडलं की जो आधीपासून मोकळा आहे तोच पुढे जातो.

आमच्यातल्या तेरा वर्षांच्या मुलीने मला बाजूला घेतलं. तिला सकाळीच पाळी आली होती. तिने हळूच विचारलं, "मावशी, मी हात लावला तर चालंल का? यंत्र बिघडंल का?" मी हसले नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आईच्या मते तिच्या हाताने पापड काळे पडतात, तुळस जळते, तर लोखंडाचं चाक का बिघडू नये? तिचा प्रश्न तिच्या अनुभवाला धरून होता. मी म्हटलं, "लाव आणि बघ." तिने चाक फिरवलं. मग जिथे जिथे हात लावता येत होता तिथे तिथे लावला आणि मला लांबून खूण करत राहिली, की अजून काही बिघडलं नाही. विटाळाविरुद्ध मी शिबिरांमधून कितीतरी भाषणं केली आहेत, तक्ते टांगले आहेत. ही पडताळणी मात्र तिची तिने केली, एका दुपारीत, आणि निष्कर्ष मला सांगितला.

बाहेरच्या बाकांकडे जरा बघा. अशा कुठल्याही ठिकाणी गेलात तर झाडाखाली बाकांवर बायका बसलेल्या दिसतील, पुढ्यात पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या. मुलांना आत सोडून त्या राखण करत असतात. आमच्यातल्याही तीन बसल्या. त्यांतल्या एका आक्कांची वीस-बावीस वर्षं ऊसतोडीत गेली. त्यांना मी हाताला धरून आत आणलं. "मला काय कळतंय त्यातलं," हे त्यांचं म्हणणं, जे आपल्याला प्रत्येक बाईकडून ऐकावं लागतं. एका जागी सारखंच वजन दोन दोरांना टांगलं होतं, एक दोर एकाच कप्पीवरून आलेला, दुसरा बऱ्याच कप्प्यांतून फिरवून आणलेला. आक्कांनी पहिला ओढला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. मुलं नुसती ओढून पुढे पळत होती, आक्का मात्र तिथेच थांबल्या. मग म्हणाल्या, "ह्यो हलका लागतोय. पण दोर बघ किती आला माझ्या हातात. वजन तेवढंच वर गेलं, दोर मात्र लय ओढावा लागला." मोटेच्या विहिरीवर वाढलेल्या बाईने पाटी न वाचता नेमकं तेच सांगितलं जे पुस्तकात लिहिलेलं असतं. जोर कमी लागला तर अंतर वाढतं, फुकट काही मिळत नाही. मग त्यांनी चार पोरांना बोलावून दोर धरायला लावला आणि हातभर, दोन हात असं मोजून दाखवलं. तिथल्या मार्गदर्शकाने थांबून ऐकून घेतलं, याचं मला बरं वाटलं.

यावर आमच्याच कार्यकर्त्यांतले काही म्हणतात, मग त्या संग्रहालयाची गरज काय? खेड्यातलं मूल रोज माती, पाणी, जनावरं, औजारं हाताळतं. शहरातल्या फ्लॅटमधल्या मुलांना हे विकत घ्यावं लागतं, आपल्याला ते फुकट आहे. हे म्हणणं ऐकायला गोड आहे आणि मला अजिबात पटत नाही. आठ वर्षांची पोर फडात मोळी बांधायला लागते, वाढं गोळा करते, चूल पेटवते, भाकरी थापते. तिचे हात रिकामे कधी असतात? तिला औजार माहीत आहे, पण औजाराशी खेळायची मुभा नाही. कामात चुकलं तर बोलणी बसतात, मजुरी कापली जाते, कोयता बोटावर येतो. पाचटाला आग कशी लागते हे तिला ठाऊक आहे, कारण ती विझवताना तिचे हात भाजले आहेत. का लागते, हे विचारायला तिला कुणी थांबू दिलेलं नाही. संग्रहालयातल्या चाकाचा उपयोग एवढाच, की ते चुकीच्या बाजूला फिरवलं तरी कुणाचं नुकसान होत नाही. पुन्हा फिरवता येतं. आमच्या मुलींच्या दिवसात अशी एकही वस्तू नाही.

आता त्या दहा वर्षांच्या मुलीकडे येते. पहिला तासभर ती धाकट्याला कडेवर घेऊन सगळं नुसतं बघत फिरली. एक हात कायम त्याच्या बुडाखाली. मी त्याला घेतलं तेव्हा ती सरळ आरशांकडे गेली. पण दर पाच मिनिटांनी परत येऊन विचारायची, "रडला का? शी केली का?" हात मोकळे झाले, लक्ष मोकळं झालं नाही. तिच्या वयाचा तिचा चुलतभाऊ त्याच वेळी ट्रामच्या पायऱ्यांवर चढ-उतर करत होता, आणि धाकटा त्याचाही भाऊच लागतो हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याचा दोष नाही, त्याला कुणी कधी सांगितलंच नाही.

याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी सापडलेलं आहे, आणि ते शोधणाऱ्या दोघी बायाच होत्या. ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं तेव्हा त्या बालवाडी घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या, त्यातूनच अंगणवाडी ही कल्पना आली. पुढे १९५७ पासून कोसबादला आदिवासी पाड्यांत काम करताना त्यांच्या ध्यानात आलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण घरी धाकटी भावंडं सांभाळायची असतात. त्यांनी मुलींना आणि आयांना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. भावंडाला घेऊन ये, त्याला इथे ठेव, तू वर्गात बस. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्या कुरणात गेल्या, ती कुरणशाळा. शिकायची साधनं परदेशी मॉन्टेसोरीच्या महागड्या पेटीतली नव्हती. बिया, शंखशिंपले, पानं, दगड, माती. म्हणजे 'हात लावून शिका' ही गोष्ट आपल्याला अमेरिकेकडून उसनी आणायची नव्हतीच. ती आपल्याकडे होती, शिवाय पाळण्यासकट होती. अमेरिकेतल्या थोर संग्रहालयांनाही कडेवरच्या मुलाचं काय करायचं हा प्रश्न असा पडला नसावा, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे दहा वर्षांची आई नव्हती.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, त्यातला जीव किती गेला हे प्रत्येकीने आपापल्या गावच्या अंगणवाडीत जाऊन पाहावं. मी ज्या अंगणवाड्या पाहिल्या त्यांतल्या काहींमध्ये खेळण्यांचा संच पेटीत आणि पेटी कुलपात. ताईंना दोष देऊ नका. मोडलं तर जबाब त्यांनीच द्यायचा असतो. पोषण आहार, वजन, लसीकरण, मोबाइलमध्ये भरायची माहिती आणि वर कुठलाही सर्व्हे, या सगळ्यातून खेळणी काढायला त्यांना वेळ मिळायचा कधी? आणि मानधनावर काम करणारी बाई तुटलेल्या ठोकळ्यांचा खुलासा कुणाकुणाला देणार? शाळेतही तेच. सूक्ष्मदर्शक कपाटात, किल्ली हेडमास्तरांकडे. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब नावाच्या प्रयोगशाळा निघाल्या, चांगली गोष्ट, पण त्या सहावीपासून पुढच्या मुलांसाठी. आमच्याकडे सहावीपर्यंत कितीतरी मुलींच्या हातात कोयता आलेला असतो, आणि बऱ्याच घरांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. हात लावायची भीती जायला हवी ती चार-पाच वर्षांच्या वयात. त्या वयासाठी कुलपातल्या पेटीपलीकडे काही नाही.

मग आष्टीत काय करता येईल? मोठी इमारत मागण्याच्या मी विरुद्ध आहे. इमारतीचं भूमिपूजन होतं, फोटो निघतात, मग ती बंद पडते. त्यापेक्षा गाडी मागावी. कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने १९६५ सालीच बसमध्ये प्रयोग मांडून ती गावोगाव फिरवायला सुरुवात केली होती. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राकडेही अशी फिरती प्रदर्शनं आहेत, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून चाकांवरचं संग्रहालय काढलं आहे. म्हणजे गाड्या आहेत. प्रश्न त्या केव्हा आणि कोणासाठी येतात हा आहे. दिवाळीनंतर आली तर आमची अर्धी मुलं आईबापाबरोबर कारखान्यांवर गेलेली असतील. मागे राहतात ती हंगामी वसतिगृहातली नाहीतर म्हाताऱ्या आजीपाशी ठेवलेली. गाडी यायची तर जून ते सप्टेंबरमध्ये यावी. किंवा मग सरळ जिथे ऊसतोडीच्या कोप्या पडतात तिथे, कारखान्याच्या तळावर जावी. ताराबाई कुरणात गेल्या, तशी. पहाटे फडात गेलेले आईबाप परत येईपर्यंत तळावर असतात ती मुलंच, आणि त्यांतली निम्मी दुसऱ्या मुलांना सांभाळत असतात.

आमच्या मंडळाने जे पत्र तयार केलं आहे त्यात गाडीच्या बरोबरीने चार गोष्टी घातल्या. एक, गाडीशेजारी सावली आणि सतरंजी, आणि लहानग्यांना सांभाळायला दोन माणसं. त्यांतला एक पुरुष असावा असं आम्ही आग्रहाने लिहिलं. ते वाचून बैठकीत हशा पिकला, पण ओळ काढली नाही. मुलींची पाळी वेगळी लावावी. एक दिवस संध्याकाळी फक्त आयांसाठी ठेवावा, पिशव्या राखण्यासाठी नव्हे, हात लावण्यासाठी. आणि गाडीबरोबर येणारे मार्गदर्शक बोलतात ते मराठी आमच्या पोरांना कळणारं असावं. 'उत्तोलक' म्हणू नका, तरफ म्हणा. तरफही कळली नाही तर पहार दाखवा.

शेवटच्या मुद्द्यावर आमच्यात वाद झाला. गाडीतली वस्तू मोडली तर काय, याची जबाबदारी मंडळाने घ्यावी का? दोघी-तिघींचं म्हणणं, मंडळाकडे पैसे कुठे आहेत. आक्का म्हणाल्या, "मोडली तर मोडली. भांडीबी मोडत्यात घरात, म्हून सैपाक थांबत न्हाई." पत्रात आम्ही लिहिलं, की मोडतोड गृहीत धरावी आणि त्याचा खुलासा अंगणवाडीताईंकडे मागू नये.

पाटोदा, जामखेड, कर्जत भागातल्या मंडळांनीही पावसाळ्याआधी अशी पत्रं आपापल्या पंचायत समितीकडे आणि थेट विज्ञान केंद्रांकडे धाडावीत. एका तालुक्यासाठी गाडी निघणं अवघड, चार तालुक्यांची फेरी आखता येते. पत्र लांबलं असं वाटलं तर आमचं कौतुकाचं एखादं वाक्य गाळा. सतरंजीचं आणि दोन माणसांचं गाळू नका.